ताज्या हवेची किंमत

हवा फुकट मिळते, हे वाक्य आपण सर्वांनी वर्गात कधी ना कधी म्हटलेले असते. पाण्याची पट्टी भरावी लागते, विजेचे बिल येते. हवेचे बिल कोणी पाठवत नाही. उघड्या माळावर हे अगदी खरे आहे. पण माणूस चार भिंती उभारतो, वर छप्पर घालतो आणि त्या क्षणापासून आत येणाऱ्या ताज्या हवेला किंमत पडू लागते. कधी ही किंमत उकाड्याने मोजावी लागते, कधी पावसाच्या गळतीने, कधी विजेच्या युनिटांनी. इतिहासात एकदा पुण्याने ती फार कडू रीतीने मोजली.

आज पुण्यातल्या काही नव्या इमारतींच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्या आणि सौर बंब यांच्या शेजारी, कपाटाएवढी पत्र्याची एक पेटी दिसते. तिच्या एका बाजूने बाहेरची हवा आत शिरते, दुसऱ्या बाजूने खोल्यांतली शिळी हवा बाहेर पडते. दोन्ही प्रवाहांच्या मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखे छिद्रे असलेले एक चाक मिनिटाला दहा-वीस फेरे घेत फिरत असते. हिचे नाव ऊर्जा पुनर्प्राप्ती वायुवीजन संच. नाव जड आहे, काम मात्र घरगुती हिशेबाचे आहे: बाहेर जाणाऱ्या हवेतून जेवढा गारवा किंवा कोरडेपणा परत मिळवता येईल तेवढा मिळवायचा आणि आत येणाऱ्या हवेला द्यायचा. या पेटीपर्यंत आपण कसे पोचलो, आणि ती गच्चीवर आणून बसवली की काम संपते का, हे या लेखात पाहू या.

सानं, चौक आणि वाळा

छपरावरून हवा खेळवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. देशावरच्या आणि मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांत मातीच्या छताला एक भोक ठेवलेले असे. त्याला सानं म्हणत. त्यातून उजेड यायचा, चुलीचा धूर जायचा, आणि गरम हवा वर चढून बाहेर पडली की दारातून गार हवा आत ओढली जायची. पावसाची सर आली की मात्र घरातले कोणीतरी धावत वर जाऊन सानं झाकायचे. म्हणजे या यंत्राला एक माणूस जोडलेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

पुण्याच्या वाड्यांत हेच काम चौकाने केले. १८०७ साली बांधलेल्या विश्रामबागवाड्यात किंवा तशा कोणत्याही जुन्या वाड्यात विद्यार्थ्यांना नेले, तर चौकात तापलेली हवा वर जाताना ओसरीच्या सावलीतली हवा तिची जागा कशी घेते हे उदबत्तीच्या धुराने दाखवता येते. उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडत. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते आणि आत येणारी हवा गार होते. पुण्याची एप्रिल-मेची दुपार कोरडी असते, म्हणून ही युक्ती येथे चांगली चाले. मुंबईच्या दमट हवेत वाळ्याचा सुवास येईल, पण गारवा बेताचाच मिळेल.

प्लेगचे वर्ष

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पोचला. त्या रोगाचा जिवाणू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसापर्यंत नेमका कसा पोचतो हे अजून कळले नव्हते. दाट वस्ती, अंधार आणि कोंदट हवा हेच रोगाचे घर, असा डॉक्टरांचा आणि अधिकाऱ्यांचा पक्का समज होता. मुंबईत उजेड आणि वारा यावा म्हणून घरांची कौले उतरवली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी अक्षरे रंगवली गेली. पुण्यात मार्च १८९७ पासून रँड यांच्या समितीने सैनिकांकरवी घराघरांची झडती सुरू केली. आजाऱ्यांना इस्पितळात आणि त्यांच्या नातलगांना वेगळ्या छावणीत नेले जाई. घरातले सामान बाहेर काढून घर जंतुनाशकांनी धुतले जाई. त्याच महिन्यात, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढचा इतिहास आपण शिकवतोच.

विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर यात एक विचित्र गोष्ट आहे. १८९८ मध्ये कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले, की उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात. पुढच्या दशकात मुंबईतल्या संशोधनाने ते पक्के झाले. म्हणजे गाठीच्या प्लेगपुरते पाहायचे तर कौले उतरवून फारसे काही साधणार नव्हते. पण क्षयासारख्या, हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या बाबतीत हवा खेळती ठेवण्याचा सल्ला अगदी योग्य होता. सल्ला बरोबर, कारण चुकीचे, आणि रीत तर त्याहून चुकीची. ज्यांच्या घरात हवा आणायची त्यांना कोणी विचारलेच नाही. पुण्याने या उपायांकडे अत्याचार म्हणून पाहिले आणि रोगी लपवले जाऊ लागले. इतक्या कडू आठवणीत ताज्या हवेचा सल्ला शास्त्र म्हणून कोणाच्या मनात रुजणार?

माप सापडले

हवा शिळी झाली हे ओळखायचे कसे? म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर या रसायनशास्त्रज्ञाने १८५८ साली याचे उत्तर दिले. माणसे श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्याचे प्रमाण खोलीत हजारात एक भागाच्या वर गेले की ती खोली कोंदट समजावी, असे त्याने सुचवले. तो वायू एवढ्या प्रमाणात स्वतः विषारी नसतो, पण आपण एकमेकांचा श्वास किती घेत आहोत हे तो सांगतो. गंमत अशी, की रोग केवळ जंतूंनी होतो हे पेटेनकोफरला मान्य नव्हते. ते खोडून काढण्यासाठी १८९२ मध्ये तो पटकीच्या जंतूंचे द्रावण चक्क पिऊन गेला आणि बचावला. कारण चुकले तरी माप टिकले. हजारात एक ही खूण आजही वापरात आहे.

मग माणशी किती हवा द्यायची, याचा वाद सुरू झाला. १८२४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस ट्रेडगोल्डने मिनिटाला ४ घनफूट पुरे म्हटले होते. १८९५ मध्ये अमेरिकी वायुवीजन अभियंत्यांच्या संस्थेने ३० घनफुटांची शिफारस केली. हवा गरम किंवा गार करायला इंधन लागते, म्हणून हा आकडा इंधनाच्या भावाबरोबर वरखाली होत राहिला. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, इमारती घट्ट बंद होऊ लागल्या, आणि १९८१ च्या अमेरिकी मानकात धूम्रपान नसलेल्या कचेऱ्यांसाठी हा आकडा ५ घनफुटांपर्यंत खाली आला. थोड्याच वर्षांत अशा इमारतींतल्या लोकांना डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, थकवा यांचा त्रास होऊ लागल्याच्या तक्रारी वाढल्या. १९८९ मध्ये आकडा पुन्हा किमान १५ वर न्यावा लागला. हवा वाचवावी तर माणसे आजारी, माणसे वाचवावी तर वीज जास्त, असा हा पेच होता.

मफलरचे विज्ञान

पेच सोडवणारी कल्पना मात्र जुनीच होती. ती समजायला जानेवारीच्या पहाटे सिंहगड चढणाऱ्या माणसाकडे पाहावे. तोंडावरून मफलर गुंडाळला की श्वास उबदार वाटतो. श्वास सोडताना मफलरच्या धाग्यांना ऊब आणि ओलावा मिळतो. श्वास घेताना तीच ऊब आणि तोच ओलावा आत येणाऱ्या गार, कोरड्या हवेला परत मिळतो. हवा नवी, ऊब जुनी.

१८१६ मध्ये स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टर्लिंग या धर्मोपदेशकाने आपल्या उष्ण हवेच्या इंजिनात हेच तत्त्व वापरले. १८५६ मध्ये फ्रेडरिक सीमेन्सने भट्टीला विटांच्या जाळीदार कोठ्या जोडल्या: एका कोठीतून तापलेला धूर जाऊन विटा तापवायचा, मग दिशा बदलून त्याच विटांवरून ताजी हवा भट्टीत यायची. दिशा बदलण्याचा खटाटोप १९२० मध्ये स्वीडनच्या फ्रेड्रिक युंगस्ट्रोमने संपवला. त्याने हवेऐवजी तापलेले धातूचे पत्रेच फिरते ठेवले. त्याचे चाक औष्णिक वीजकेंद्रांच्या बॉयलरमध्ये पोचले. पुढे अशाच चाकावर सिलिका जेलसारखे ओलावा शोषणारे द्रव्य चढवले, की उष्णतेबरोबर वाफही एका प्रवाहातून दुसऱ्यात जाऊ लागली. नव्या बुटांच्या खोक्यात असते ती पुडी आणि हे चाक यांचे काम एकच. १९७० मध्ये जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकने तर चाकाशिवाय, खास कागदाच्या थरांतून हे काम करणारा संच बाजारात आणला. भारतातही आता अशी चाके बनतात. आपल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीने, भरपूर बाहेरची हवा घेणाऱ्या मोठ्या रुग्णालयांसाठी आणि हॉटेलांसाठी किमान ५० टक्के पुनर्प्राप्तीची अट घातली.

पुण्याचा हिशेब

परदेशातून आलेले यंत्र पुण्याच्या गच्चीवर कसे वागेल? त्यासाठी हवामानाच्या नोंदी लागतात. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात. तापमान आणि आर्द्रता यांच्या तिथल्या नोंदींची सवय असलेल्या पुणेकराला पुढचा हिशेब अवघड नाही.

समजा, ५० माणसांचे बंद, वातानुकूलित सभागृह आहे आणि माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा द्यायची आहे. म्हणजे सेकंदाला अर्धा घनमीटर. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, हवा समुद्रकाठापेक्षा सहाएक टक्के विरळ. या अर्ध्या घनमीटरचे वजन साधारण ०.५४ किलो भरते. आत २५ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रता हवी आहे.

एप्रिलची दुपार घेऊ. बाहेर ३८ अंश, आर्द्रता २० टक्के. हवा १३ अंशांनी गार करायला सुमारे ७ किलोवॅट, म्हणजे दोन टनी वातानुकूलन यंत्राएवढी ताकद लागते. चाकाची कार्यक्षमता ७० टक्के असेल तर त्यातले ५ किलोवॅट वाचतात. पण वाफेकडे पाहा. बाहेरच्या एक किलो हवेत सुमारे ९ ग्रॅम वाफ आहे, आतल्या हवेत साडेदहा. म्हणजे बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आहे! ओलावा पोचवणारे चाक या वेळी आतला ओलावा उचलून येणाऱ्या हवेला देईल, जे आपल्याला नको आहे. इथे आजीचा वाळा परत आठवावा. चाकाऐवजी साध्या धातूच्या पत्र्यांचा विनिमयक असेल आणि बाहेर जाणाऱ्या हवेला ओल्या पडद्यातून नेले, तर ती आणखी गार होते. तो गारवा पत्र्यातून ताज्या हवेला मिळतो, ओलावा मात्र पलीकडेच राहतो.

आता जुलै. बाहेर २७ अंश, आर्द्रता ८० टक्के. तापमानातला फरक अवघा दोन अंश. त्यासाठी एक किलोवॅट पुरे. पण एक किलो हवेत आता १९ ग्रॅम वाफ आहे. सेकंदाला पावणेपाच ग्रॅम वाफेचे पाणी करावे लागते, आणि ग्रॅममागे सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. हे झाले ११ किलोवॅटच्या वर. ज्या महिन्यात आपल्याला हवा सुखद वाटते, त्या महिन्यात या सभागृहाचे यंत्र एप्रिलपेक्षा जास्त राबते. ओलावा पोचवणाऱ्या चाकाचा खरा हंगाम पुण्यात पावसाळा हा आहे.

आणि हिवाळा? नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बाहेरची हवा बहुतेक वेळ आपल्याला हवी तशीच असते. तेव्हा चाक फिरवण्यात अर्थ नसतो, उलट आतली ऊब ते परत आत आणते. शिवाय चाकाच्या बारीक छिद्रांतून हवा ढकलायला पंख्यांना जास्त वीज लागते. आमच्या उदाहरणात ती सुमारे ०.४ किलोवॅट धरली, तर आत-बाहेरचा फरक तीन अंशांहून कमी आणि हवा कोरडी असताना वाचलेली वीज पंख्यांतच संपते. म्हणून चाकाला वळसा घालून हवा नेणारी वाट आणि तिची झडप असलेलाच संच घ्यावा.

गच्चीवर चढणारा माणूस

बसवण्याचे नियम साधे आहेत. संच गच्चीच्या कोब्यात खिळे ठोकून बसवू नये. ओटा बांधून, रबरी पॅडवर ठेवावा, म्हणजे गळती होत नाही आणि थरथर खाली जात नाही. पुण्यात पाऊस मुख्यतः पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून हवा घेण्याचे तोंड शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला असावे. ते शिळ्या हवेच्या तोंडापासून निदान दहा फूट, आणि संडासाच्या वायुनळीपासून व जनरेटरच्या धुरांड्यापासून दूर असावे. विषाणूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत चाक वापरू नये, कारण फिरताना थोडी शिळी हवा ते परत आणते. तिथे दोन वेगळ्या नळीजाळ्यांमधून पाणी फिरवून नुसती उष्णता नेतात.

अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आम्हाला तिचा संच पाहायला बोलावले. तक्रार अशी, की विजेचे बिल कमी होत नाही. पंखे फिरत होते, हवा येत होती, फलकावर हिरवा दिवा लागला होता. आम्ही तीन साधे तापमापक घेतले. बाहेर ३७ अंश, खोलीतून येणाऱ्या हवेत २६, आणि चाक ओलांडून आत जाणाऱ्या हवेत? तिथेही ३७. झाकण काढले तर चाक फिरवणारा रबरी पट्टा तुटून खाली पडलेला. गाळणीवर बांधकामाच्या धुळीचा थर आणि कबुतरांची पिसे. पट्टा केव्हा तुटला हे कोणालाच सांगता आले नाही, कारण उद्घाटनानंतर त्या पेटीसाठी वर कोणी गेलेच नव्हते. गच्चीची किल्ली रखवालदाराकडे होती. पेटी कशाची आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याचा यात काय दोष?

नवा पट्टा फार महाग नव्हता. त्यानंतर आम्ही त्या रखवालदारालाच एक वही आणि तीन तापमापक दिले आणि सूत्र शिकवले: बाहेरच्या तापमानातून आत जाणाऱ्या हवेचे तापमान वजा करा, आणि त्याला बाहेरच्या व खोलीच्या तापमानांतल्या फरकाने भागा. बाहेर ३८, आत जाणारी हवा २९, खोली २५ असेल तर ९ भागिले १३, म्हणजे सुमारे ७० टक्के. आकडा ५० च्या खाली आला की वर जाऊन पाहायचे. दर महिन्याला गाळण्या धुवायच्या, उन्हाळ्यातल्या धुळीत पंधरा दिवसांनी. पावसाळ्यापूर्वी पाण्याच्या निचऱ्याची नळी मोकळी करायची, चाकाच्या कडेचे पट्टे तपासायचे, चाकावरची धूळ हवेच्या झोताने काढायची. साबणाच्या पाण्याने ओलावा शोषणारा थर बिघडू शकतो. त्याने वही नीट ठेवली. सानं झाकायला धावणारा माणूस त्या यंत्राला पुन्हा मिळाला.

वर्गाची हवा

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले, आणि त्याच महिन्यात शासनाने लागू केला तो १८९७ चाच साथरोग कायदा. या वेळी रोग खरोखरच हवेतून पसरणारा होता. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा, असे आवाहन केले. सव्वाशे वर्षांनी जुना सल्ला योग्य रोगाला भेटला. साथ ओसरली, खिडक्या पुन्हा बंद झाल्या.

आता शहरात वातानुकूलित वर्गही बांधले जात आहेत, म्हणून एक हिशेब मुलांकडून करून घ्यावा. ८ मीटर लांब, ७ मीटर रुंद, ३.३ मीटर उंच वर्ग, ५० मुले, प्रत्येक मूल सेकंदाला सुमारे ४ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडते. बाहेरच्या हवेत दहा लाखांत सुमारे ४२० भाग आहेत. दारे-खिडक्या घट्ट बंद असतील तर पेटेनकोफरची १००० ची खूण किती वेळात ओलांडली जाईल? उत्तर सुमारे नऊ मिनिटे येते. हजेरी घेऊन फळ्यावर तारीख लिहीपर्यंतच हा वेळ संपतो. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळाली तर आकडा ८२० च्या आसपास स्थिरावतो.

आपल्या बहुतेक शाळांना गच्चीवरच्या पेटीची गरज नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या पुरतात. जिथे पेटी आहे तिथे विचारायचे दोनच प्रश्न आहेत: चाक फिरते आहे का, आणि ते पाहायला वर कोण जाते? १८९७ मध्ये हवा आणणाऱ्यांनी घरात राहणाऱ्यांना विचारले नाही. आज त्या हवेत श्वास घेणाऱ्या मुलांनीच तापमापक घेऊन शिक्षकांबरोबर गच्चीवर जावे, वहीत आकडे लिहावेत आणि आकडा कमी आला तर मुख्याध्यापकांना त्याचे कारण विचारावे.